वरोरचा कोट आणि बसऱ्याचं पदक

हा भाग स्टुडिओत नाही, वरोरला आमच्या घराच्या पडवीत रेकॉर्ड केलाय. त्यामुळे ऐकताना मधेमधे वारा आणि समोरच्या ओट्यावरचं बोलणं येतं. एका ठिकाणी मांजरही आहे. लिहून काढताना मांजर वगळलं, अडखळलेली वाक्यं सरळ केली, बाकी जसं बोललो तसं ठेवलंय.

विषय आहे जुने लष्करी गणवेश. ते जमवायचे कसे आणि समोर आलेला गणवेश खरा की बनावट, हे ओळखायचं कसं. मी वीसेक वर्षं हा उद्योग करतोय, फावल्या वेळात आणि बायकोच्या मते नको तितक्या पैशांत. पण हा भाग करायचं कारण एक कोट आहे. तो आमच्याच आळीत, चार घरं सोडून, एका पत्र्याच्या ट्रंकेत होता. आणि त्याच्याबद्दल मी खोटं लिहून द्यावं अशी एकाची इच्छा होती.

आधी गावाबद्दल थोडं, कारण गावाचा या विषयाशी संबंध आहे. पश्चिम रेल्वेच्या वाणगाव स्टेशनला उतरून समुद्राकडे आलं की आमचा पट्टा लागतो. दक्षिणेला चिंचणी, मग वरोर, उत्तरेला वाढवण. बंदराच्या प्रकल्पामुळे वाढवणचं नाव आता सगळ्यांना ठाऊक आहे. इथे मासेमारी आहे, वाड्या आहेत, आणि बाहेरच्यांना सहसा माहीत नसलेला एक धंदा आहे तो डायमेकिंगचा. सोन्या-चांदीचे दागिने ज्या ठशांवर घडतात ते पोलादी ठसे, म्हणजे डाय, या गावांत घरोघरी बनतात. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने उलटी नक्षी कोरायची, ठोकळा भट्टीत तापवून त्याला पाणी द्यायचं. मग त्यावर पत्रा ठेवून दाब दिला की फूल, पान, मोर, जे कोरलं असेल ते उठतं. माझे काका आयुष्यभर हेच करत आले. मला गणवेशातलं जे काही खरंच कळतं त्यातलं अर्धं त्यांनी शिकवलंय, आणि त्यांनी जन्मात कधी गणवेश गोळा केलेला नाही.

ते शिक्षण कसं सुरू झालं ते सांगतो. सुरुवातीच्या काळात मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, मी एक खाकी कोट घेतला. विकणाऱ्याने सांगितलं, ‘पहिल्या महायुद्धातल्या महार रेजिमेंटचा आहे, घरातून आलाय.’ कॉलरवर पितळी बिल्ला होता: एकमेकींवर तिरक्या दोन मशिनगन आणि मधे कोरेगावचा स्तंभ. मी हरखून गेलो. स्तंभ दिसला की आपल्याकडच्या माणसाला दुसरं काही दिसत नाही.

खरं तर तिथे कोटाला हातही न लावता गोष्ट संपायला हवी होती. महार रेजिमेंट उभी राहिली १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावात. पहिल्या महायुद्धात महारांची वेगळी पलटण होती, पण तिचं नाव १११ महार. ती १९१७ मध्ये उभारली आणि १९२१ मध्ये मोडली. आणि तो तिरक्या व्हिकर्स मशिनगनचा बिल्ला रेजिमेंट मशिनगन रेजिमेंट झाली त्या वेळचा, म्हणजे १९४६ च्या सुमाराचा. पुढे त्यातला स्तंभ काढून तिथे कट्यार आली. म्हणजे विक्रेत्याच्या एका वाक्यात साल एक, नाव दुसरं आणि बिल्ला तिसऱ्याच काळातला. हे सगळं मी पैसे दिल्यावर वाचलं. बहुतेक जण पैसे दिल्यावरच वाचतात.

तो बिल्ला मी कौतुकाने काकांना दाखवला. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, बिल्ला उलटा केला आणि पुढची बाजू बघण्याआधीच म्हणाले, “हा मारलेला नाही रे. ओतलाय.”

मी विचारलं, कशावरून?

त्यांनी जे दाखवलं ते आजही मी जशाच्या तसं वापरतो. ठशावर मारलेल्या पातळ बिल्ल्याची मागची बाजू पुढच्या बाजूचं उलटं चित्र असते. पुढे जिथे उंचवटा तिथे मागे खळगा. शिवाय मारलेल्या पितळेचा पृष्ठभाग घट्ट आणि गुळगुळीत असतो, रेषांच्या कडा धारदार असतात. ओतलेल्या बिल्ल्याची पाठ बहुधा सपाट किंवा खडबडीत असते. त्यावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात, अक्षरांच्या पोटात धातूचे दाणे राहतात, आणि कोपरे चघळलेल्या गोळीसारखे गोल होतात. तिसरी खूण माप. अस्सल बिल्ल्यावरून साचा घेऊन त्यात धातू ओतला की थंड होताना तो आकसतो. त्यामुळे नक्कल मुळापेक्षा किंचित लहान निघते. जवळ एक अस्सल नग आणि साधा व्हर्निअर असला की हे घरी तपासता येतं.

पण काकांनी दुसऱ्याच दमात माझा आत्मविश्वास उतरवला. म्हणाले, “मारलेला आहे म्हणून खरा असंही समजू नकोस. डाय माणसापेक्षा जास्त जगते.” ही खरी अडचण आहे. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांनी कोरलेल्या जुन्या डाय पुढे कोणाच्या तरी हाती लागतात, त्यावर नव्याने पितळ मारलं जातं, आणि तो बिल्ला सगळ्या कसोट्यांना उतरतो. फक्त त्याचं वय खोटं असतं. तिथे मग डायचं म्हातारपण शोधावं लागतं. डायला तडा गेला की त्या तड्यात पत्रा शिरतो आणि नगावर केसाएवढी उंच रेघ उमटते. डाय गंजली तर तिच्या खड्ड्यांमुळे नगावर बारीक पुटकुळ्या येतात. सैन्याच्या तपासणीतून असा माल सहसा सुटला नसता, म्हणून शंका घ्यायची.

एक किस्सा सांगतो, काकांची परवानगी घेतली आहे. काही वर्षांपूर्वी एक माणूस मुंबईहून त्यांच्याकडे आला. त्याला एका जुन्या पलटणीच्या बिल्ल्याची डाय कोरून हवी होती, पैसे चांगले देणार होता. काकांनी विचारलं, कशाला? तो म्हणाला, शौकिनांसाठी. काका म्हणाले, “करून देतो. मागच्या बाजूला यंदाचं साल बारीक कोरीन, चालेल?” तो माणूस पुन्हा आला नाही.

धातूचं हे असं आहे. कापडाचं प्रकरण जास्त घोटाळ्याचं.

खाकी हा शब्द खाक, म्हणजे धूळ, यावरून आला. पेशावरला १८४६ मध्ये उभारलेल्या गाइड्स पलटणीत हॅरी लम्सडेनने मळकट रंगाचे कपडे आणले, तिथून ही रीत सुरू झाली असं मानतात. सुरुवातीला रंगवायला हाताला लागेल ते वापरत, आणि दोन धुण्यांत प्रत्येक शिपाई वेगळ्या रंगाचा दिसे. न उतरणाऱ्या खाकी रंगाचं पेटंट फ्रेडरिक गॅटी या रंगाऱ्याने इंग्लंडमध्ये १८८४ मध्ये घेतलं, तेव्हा कुठे खाकी पक्की झाली. तरी गिरणीगणिक छटा बदलत राहिली. म्हणून ‘हा रंग बरोबर नाही’ एवढ्यावर मी कुठलाही कोट नाकारत नाही. एकाच कोटाची बाही आणि पाठ सारख्याच मापाने विटलेली असेल तर मात्र थांबतो. खांदे उन्हाने विटतात, कॉलर मानेच्या घामाने काळवंडते, कोपर झिजतात, बगल कडक होते. सगळीकडे एकसारखी जुनी झालेली वस्तू चहाच्या पाण्यात बुडवून काढलेली असण्याचा संभव जास्त.

दोरा बघायचा. पॉलिएस्टरचा शोध १९४१ चा, आणि तो बाजारात आला १९५० च्या दशकात. शिवणीतलं एक सुटं टोक जाळून बघा. सुती दोरा कागदासारखा जळून राख होते, लोकरीला केस जळाल्याचा वास येतो, आणि पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक मणी धरतो. मणी धरला तर ती शिवण युद्धातली नाही. पुढे कोणी दुरुस्ती केली असेल हेही शक्य आहे, म्हणून एकाच ठिकाणचा दोरा बघून निकाल द्यायचा नाही.

दुसरी चाचणी जांभळ्या दिव्याची. दुकानदार नोटा तपासायला ठेवतात तोच दिवा. आजच्या कापडात आणि दोऱ्यात पांढरेपणासाठी जी रसायनं असतात ती या दिव्याखाली निळसर चमकतात. त्यांचा सर्रास वापर दुसऱ्या महायुद्धानंतरचा, त्यामुळे चमकणारा कोट संशयित, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. आपल्याकडे मात्र एक गोम आहे. तीच रसायनं कपडे धुण्याच्या पावडरीतही असतात. आजोबांचा अस्सल कोट सुनेने प्रेमाने पावडरीत भिजवला की तो दिवाळीच्या कंदिलासारखा उजळतो. म्हणून मी वरचं कापड सोडून अस्तराच्या आतली, शिवणीत दाबलेली बाजू बघतो. एका चाचणीवर भरवसा ठेवून मी एकदा एक चांगला कोट परत केलाय, त्याची चुटपुट अजून आहे.

मग शिक्के. हिंदुस्थानी सैन्याच्या सामानावर सरकारी बाणाची खूण आणि तिच्याजवळ इंग्रजी ‘आय’ असे. शिवाय साल, माप, कारखान्याची खूण. हे शाईने अस्तरावर मारलेलं असतं. कापडाबरोबर शाईही झिजलेली हवी. झिजून विरलेल्या धाग्यांवर शाई ताजी आणि काठोकाठ भरलेली असेल तर शिक्का नंतर मारलाय.

बिल्ल्यावरचा मुकुट आणि अक्षरं तर पंचांगासारखी असतात. व्हिक्टोरियाचा मुकुट वेगळा, १९०१ नंतरच्या राजांचा वेगळा. एलिझाबेथच्या काळातला मुकुट भारतीय लष्कराच्या बिल्ल्यावर शोभत नाही, कारण तो रूढ होईपर्यंत इथे प्रजासत्ताक आलं होतं आणि मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह बसले होते. मराठा पलटणींपुरतं बोलायचं तर १९२२ च्या फेररचनेत १०३, १०५, ११० अशा क्रमांकांच्या जुन्या पलटणी एकत्र करून ‘५ मराठा लाइट इन्फन्ट्री’ केली, आणि तो ५ चा आकडा १९४५ मध्ये गळला. इंग्रजी स्पेलिंगही बघा. जुन्या बिल्ल्यांवर ‘माहरट्टा’ असा उच्चार होईल असं स्पेलिंग आहे. आजचं सरळ ‘मराठा’ स्वातंत्र्यानंतरचं. बेळगावला रेजिमेंटल सेंटरमध्ये त्यांचं संग्रहालय आहे. संधी मिळाली तर जाऊन बघा. शंभर फोटोंपेक्षा एक अस्सल नग डोळ्यांनी बघितलेला बरा.

आता कोट.

आमच्या आळीतला हा दादा मासेमारी करतो. जून-जुलैच्या बंदीत बोट वर ओढलेली असते, तेव्हाच इंजिनाचं काम काढायचं असतं, आणि तेव्हाच हातात पैसा नसतो. गेल्या पावसाळ्यात तो माझ्याकडे आला. म्हणाला, “भाऊ, आमचा बसऱ्याचा कोट विकायचाय. गिऱ्हाईक आहे. फक्त तू कागद लिहून दे.”

हा कोट मी लहानपणापासून ऐकून होतो. दादाचे पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले होते, मराठा पलटणीत लढले, आणि येताना हा कोट घेऊन आले, अशी कथा. बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर. कथेला आधारही होता. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधून तिकडे गेल्या होत्या. टायग्रिस नदीवरच्या कूट गावात त्या डिसेंबर १९१५ पासून वेढल्या गेल्या, आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसांनी तिथे तुर्कांपुढे शरणागती पत्करली. गिऱ्हाइकाला नेमका तोच कागद हवा होता: ‘कूटच्या वेढ्यातला, मराठा पलटणीच्या शिपायाचा कोट.’ खाली माझी सही. असा कागद असेल तर साठ हजार, नसेल तर बघू.

साठ हजारांत इंजिन होत होतं. मी ट्रंक उघडायला गेलो तेव्हा मनातून मलाही तो कोट खरा निघायला हवा होता, हे कबूल करतो.

ट्रंक उघडल्यावर डांबरगोळ्यांचा वास. कोट जाड लोकरीचा, दोन पाखी बटणांचा, लांब. कसर लागलेली होती, पण बेताची. कॉलरला बिगुलाचा पितळी बिल्ला. तो मी काढून काकांकडे पाठवला, आणि पंधरा मिनिटांत निरोप आला: ओतलेला. दादाने लगेच सांगून टाकलं की तो त्यानेच मुंबईत फुटपाथवरून घेतला होता, कोट शोभून दिसावा म्हणून. यात फसवणूक नव्हती. घरातल्या देव्हाऱ्याला आपण नवं मखर करतो तसंच ते होतं. पण बघा, तो बिल्ला विकायच्या वेळी कोटावरच राहिला असता तर पुढच्या माणसाने त्याला काय समजलं असतं?

दोरे सुती. दिव्याखाली आतली शिवण अंधारी. कापड, अस्तर, काजं, सगळं एका हाताचं आणि जुनं. कोट अस्सल लष्करी होता, त्यात शंका नव्हती. मग आतल्या खिशाच्या अस्तरावर शिक्का सापडला. बाण, शेजारी ‘आय’, आणि साल. १९४३.

दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी तीनदा वाचलं. १९४३ चा कोट घालून कोणी १९१६ मध्ये बसऱ्याला जाऊ शकत नाही.

हे मी त्याला तिथेच सांगितलं. तो काही बोलला नाही. दाराशी त्याची आजी बसली होती, बोंबील निवडत. ऐंशीच्या पुढची, कानाने कमी, पण तिने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, “तो कोट सासऱ्यांचा नव्हेच. ह्यांनी आणलेला. लढाईनंतर मुंबईत डिस्पोजलचा माल विकत होते, तिथून. थंडीत रात्री बोटीवर घालायला. तुम्ही पोरांनी त्याचा बसऱ्याचा केला.”

दादा म्हणाला, “आजी, मग आजवर सांगितलं का नाहीस?”

“मला कोणी इचारलं?”

इथे मी रेकॉर्डिंग थांबवलं होतं, कारण हसू आवरत नव्हतं. वीस वर्षांत जमवलेली भिंगं, दिवे, पुस्तकं एका बाजूला, आणि दाराशी बसलेली माहीतगार बाई दुसऱ्या बाजूला. मी आधी ट्रंक उघडली होती.

आजीचं म्हणणं इतिहासाशी तंतोतंत जुळतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराचं शिल्लक सामान डिस्पोजल म्हणून ढिगाने विकलं गेलं. कोट, कांबळी, बूट, ताडपत्र्या. कोळ्यांनी, शेतकऱ्यांनी, रखवालदारांनी ते घेतलं. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतले ‘आजोबांचे लष्करी कोट’ याच वाटेने आले असावेत असा माझा अंदाज आहे. उलट जे खरोखर पलटणीत होते त्यांचे कपडे फार कमी टिकले. बराचसा सरंजाम सरकारचा, तो जमा करायचा. जो घरी आला तो शेतात घातला, फाटला, आणि शेवटी गोधडीत गेला. एका घरी मला गोधडीच्या मधल्या थरात काजासकट खाकी तुकडा मिळाला होता. विकायला आलेला, बटणं-बिल्ल्यांसकट परिपूर्ण असा पहिल्या महायुद्धातला शिपायाचा गणवेश बघितला की मी सावध होतो. त्या गोधडीने मला तसं कधी सावध केलं नाही.

मी निघायच्या बेतात होतो. मग, उशिरा का होईना, शहाणपण सुचलं आणि आजीला विचारलं: सासरे बसऱ्याला गेले होते हे तरी खरं ना?

ती उठली, आत गेली आणि पानाचा डबा घेऊन आली. अडकित्त्याखालून तिने एक तपकिरी चकती काढून माझ्या हातात दिली. “हे त्यांचं. पैसा आहे म्हणायचे, पण कुठे चालत नाही.”

ते ब्रिटिश वॉर मेडल होतं. पुढे पाचव्या जॉर्जचा मुखवटा, मागे घोड्यावरचा नग्न स्वार आणि १९१४, १९१८ ही सालं. फीत केव्हाच गेलेली. पण हे पदक सहसा चांदीचं असतं. सुमारे ६५ लाख चांदीची काढली गेली. हे ब्रॉन्झचं होतं. तशी सुमारे १ लाख १० हजारच निघाली, आणि ती लढवय्यांना नव्हती. हमाल, मजूर, खलाशी, पलटणीच्या मागून जाणारी जी माणसं सरकारी भाषेत ‘फॉलोअर’ होती, त्यांना. चिनी, माल्टीज आणि आपले लोक.

या पदकांच्या कडेवर मिळवणाऱ्याचं नाव ठोकलेलं असतं. भिंग लावलं. एक नंबर, मग ‘लास्कर’, मग मोडक्यातोडक्या स्पेलिंगमध्ये एक नाव, आणि शेवटी तीन इंग्रजी अक्षरं: आय. डब्ल्यू. टी.

इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट. मेसोपोटेमियात रस्ते नव्हते, रेल्वे जवळजवळ नव्हती. जे काही पुढे जायचं ते नदीतून. दाणागोटा, दारूगोळा, आणि येताना जखमी. बोटी पुरेशा नव्हत्या म्हणून कूटची सुटका होऊ शकली नाही, जखमी उघड्या तराफ्यांवर कुजले, आणि १९१७ मध्ये चौकशी आयोगाच्या अहवालाने हे सगळं चव्हाट्यावर आणलं. त्याआधीच, १९१६ मध्ये, नदीवाहतुकीचं काम नव्या व्यवस्थेकडे देऊन बोटी आणि माणसं मागवली गेली. भरती-ओहोटीचा चिखल, उथळ खाडी, वाळूचे दांडे ज्यांना आपल्या हातासारखे ठाऊक, अशी माणसं आमच्या किनाऱ्यावर होतीच. वरोरचा एक माणूस त्यात गेला यात मला नवल वाटलं नाही. नवल याचं वाटलं की घराने त्याला शिपाई केलं. नावाडी म्हणून तो बसऱ्याला गेला हे सांगण्यासारखं वाटलं नाही, म्हणून कोणीतरी मराठा पलटण जोडली आणि मग पलटणीला साजेसा कोट.

पुढे तपास फारसा सरकला नाही. पंजाबातल्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदी लाहोरच्या संग्रहालयातल्या वह्यांमधून २०२१ मध्ये इंटरनेटवर आल्या. तिथले नातू गाव टाकून आजोबा शोधतात. आपल्याकडे तसं काही हाताशी नाही, त्यातून फॉलोअरची गोष्ट आणखी कठीण. मुंबईत मस्जिद बंदर भागात इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे, पण ते परत न आलेल्यांचं. हे तर परत आले, म्हातारे झाले, सुनेला पदक देऊन गेले.

गिऱ्हाइकाला दादाने सगळं खरं सांगितलं. त्याने कोटाला तीन हजार देऊ केले आणि पदकाची चौकशी केली. ते परदेशात जाईल असं सहज बोलून गेला. मी दादाला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची आठवण दिली. ऐतिहासिक महत्त्वाची, शंभर वर्षं जुनी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि हे पदक आता त्या वयाचं झालंय. पण कायद्यापर्यंत जावंच लागलं नाही. आजीने डबा बंद केला होता.

इंजिनाचे पैसे दादाने सोसायटीकडून उचलले. ते फिटायला दोन हंगाम लागतील, आणि माझ्या सहीने ते एका दिवसात झाले असते. तो मला तसं कधी बोलला नाही. त्याची बायको बोलली, आणि मला उत्तर सुचलं नाही.

मी एक कागद मात्र लिहून दिला. त्यात तीन गोष्टी आहेत: कोट १९४३ चा, हिंदुस्थानात बनलेला, आजोबांनी युद्धानंतर विकत घेतलेला; बिल्ला नक्कल, दादाने घेतलेला; पदक अस्सल, पणजोबांचं, नदीवरच्या नोकरीचं. खाली आजीचं नाव, सांगणारी म्हणून, आणि तारीख. तो ट्रंकेत कोटाच्या खिशात आहे. बिल्ला काकांनी मागून घेतला, शिकाऊ पोरांना ओतीव काम दाखवायला.

आणि हो, पदक चिंचेने घासून लख्ख करायला आजी निघाली होती, ते मी अडवलं. तुमच्याही घरी असलं काही असेल तर घासू नका, कडेवरचं नाव आधी झिजतं. मग ती म्हणाली, नाव काय लिवलंय ते परत वाच. मी एकेक अक्षर वाचलं. साहेबाने स्पेलिंगचा पार चुथडा केला होता. आजीने ऐकलं आणि म्हणाली, “असंच म्हणायचे त्यांना बोटीवर.”